आधी हाक, मग कोयती

गोल्फ हा सभ्य माणसांचा खेळ आहे, हे मला ज्या माणसाने पहिल्यांदा सांगितलं त्यानेच माझ्या नवऱ्याचा डोळा फोडला. फोडला असं मी म्हणते. बाकी सगळे 'डोळा गेला' असं म्हणत. जसा काही तो आपल्या पायांनी बांद्याच्या बाजाराला गेला आणि परत यायचं विसरला.

तेव्हा गोवा अजून सुटला नव्हता आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होतो. आमच्या गावामागच्या डोंगरात लोखंडाची खाण निघाली, खाली खाडीत खनिजाच्या होड्या लागायला लागल्या आणि सड्यावर साहेबांचे बंगले उठले. गोरे साहेब नव्हेत हं, गोरे केव्हाच गेले होते. हे आपलेच, मुंबईचे, पण गोऱ्यांच्या खुर्चीत बसून बसून त्यांना गोऱ्यांची ढब आली होती. आमचे हे त्या खाणीत मोजणी कारकून होते. नेमणूक कच्ची, दरवर्षी पुढे ढकललेली. पक्की होऊन सुपरवायझर व्हायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

मॅनेजर साहेबांना मुंबईत गोल्फची सवय. इथे संध्याकाळ खायला उठते, म्हणून त्यांनी सड्यावरच खेळाचं मैदान करून घेतलं. सडा म्हणजे नुसता कातळ. पावसाळ्यात त्यावर वीतभर गवत येतं, दिवाळीनंतर ते पिवळं पडतं आणि शिमग्यापर्यंत गुरं ते साफ करतात. खेळात ज्या जागेवर भोक असतं त्या जागेला म्हणे 'ग्रीन' म्हणतात. इथे हिरवं काही टिकेना, तेव्हा किनाऱ्याची वाळू आणून तिच्यात ट्रकचं जळकं तेल कालवलं आणि खळ्यासारखी काळीकुट्ट जागा चोपून काढली. तिलाही ग्रीनच म्हणायचं. माझ्या सासूबाई एकदा सड्यावर गुरं बघायला गेल्या होत्या, त्या परत येऊन म्हणाल्या, "ह्येका हिरवा म्हणतत? मगे माझो तवोय हिरवोच!"

खेळाला चार जण लागत, दोन दोनच्या जोड्या करायला. मॅनेजर साहेब होते, खाणीचे डॉक्टर होते आणि बंदरावरचे एक अधिकारी होते. चौथा मिळेना. मॅनेजर साहेबांची नजर आमच्या यांच्यावर पडली, कारण मोजणीमुळे यांना सड्याचा प्रत्येक खड्डा पाठ होता. चेंडू कुठे जाऊन पडेल हे यांच्याइतकं कुणाला सांगता येत नव्हतं. साहेबांनी बोलावून सांगितलं, रविवारी सकाळी येत जा, आम्हाला चौथा हवा आहे.

त्या दिवशी हे घरी आले ते तरंगतच. सासूबाई पेजेला बसल्या होत्या. यांनी त्यांना सांगितलं, "आये, सायबांनी माका खेळाक बोलयल्यांनी." सासूबाईंनी शांतपणे लोणच्याची फोड तोंडात घातली आणि म्हणाल्या, "म्हातारपणी गोट्ये खेळतत, आणि वर बूट घालून!" पण मनातून त्याही खूश होत्या. आमच्या घरातला कुणी साहेबाच्या पंगतीला बसला नव्हता. मीही खूश होते. ते मी कशाला लपवू? मी यांच्या एकुलत्या एका पांढऱ्या पँटला इस्त्रीसाठी तांब्यात निखारे भरून ठेवत असे.

मग सुरू झालं सभ्यतेचं शिक्षण. दुसरा मारत असताना बोलायचं नाही. त्याच्या मागे उभं राहायचं नाही. आपली सावली त्याच्या चेंडूच्या वाटेवर पाडायची नाही. ज्याचा चेंडू भोकापासून सगळ्यात लांब, त्याने आधी मारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढे माणूस असेल तर काठी उचलायचीच नाही. यांनी हे सगळं असं पाठ केलं की घरातही तसंच वागायला लागले. मी चूल पेटवत असले की हे दारात थबकत, माझी फुंकर संपेपर्यंत हलत नसत. सासूबाई विळीवर बसल्या की हे भिंतीकडून जात, सावली पडू नये म्हणून. सासूबाई मला म्हणत, "ह्येका काय झाला गो? देवळात असल्यासारखो चलता." आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसायचो. ते हसणं आठवलं की आता माझं मलाच कसंसं होतं.

त्या नियमांत एक शब्द होता, 'फोर'. चेंडू भलतीकडे निघाला की मारणाऱ्याने जोरात 'फोर' ओरडायचं आणि ज्याला ऐकू येईल त्याने डोकं हातांत धरून खाली बसायचं. यांनी मला परसात उभं करून हे शिकवलंसुद्धा. गंमत पुढेच आहे. हे चौथे म्हणून घेतलेले, तेव्हा साहेबांनी पहिल्याच रविवारी लाडाने यांचं नाव ठेवलं, फोर. "या, आमचे फोर आले." "फोर, जरा पाणी." "फोर, माझी पिशवी धर." दोन्ही फोर वेगळे आहेत, त्यांची अक्षरंही वेगळी आहेत, असं डॉक्टरांनी मला पुढे समजावून सांगितलं. असतील बापडी. कान काय अक्षरं वाचतो?

आणि भिडू म्हणून गेलेले हे हळूहळू काय झाले ते सांगते. आपली पिशवी आणि साहेबांची पिशवी, दोन्ही यांच्या खांद्यावर. चेंडू करवंदीच्या जाळ्यांत हरवत आणि ते तेव्हा सहज मिळत नसत, म्हणून साहेबांनी नवी पद्धत काढली. फोरने आधी पुढे जायचं, जिथे चेंडू पडायचा अंदाज असेल तिथल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशाला उभं राहायचं आणि रुमाल हलवायचा. रुमाल हलला की मागून साहेब मारणार. पुढे माणूस असताना काठी उचलू नये हा नियम ज्यांनी शिकवला, त्यांनीच माणूस पुढे धाडायचा. मी हे यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, "अगो, माज्यावर इस्वास आसा म्हणान धाडतत."

तो रविवार थंडीतला. खाणीचा काही वाढदिवस होता, म्हणून बायकांनाही सड्यावर बोलावलं होतं. कापडी मांडवात आम्ही बसलो होतो. मी शाळामास्तराची मुलगी, देवबागची, पुस्तकी बोलणं मला जमत असे, म्हणून मला साहेबांच्या बाईंशेजारी खुर्ची मिळाली होती. समोर सगळा सडा उघडा. पिवळ्या गवतात यांची पांढरी पँट मला लांबून दिसत होती.

डॉक्टरांनी मारलेला चेंडू करवंदीत गेला. हे गडगा सोडून त्या जाळीत वाकले. यांची पाठ आमच्याकडे. रुमाल यांच्या मागच्या खिशात होता, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. तो रुमाल मीच सकाळी घडी करून दिला होता, मला तो ओळखू येणार नाही होय? डॉक्टरांनंतर पाळी मॅनेजर साहेबांची. त्यांनी एकदा पुढे पाहिलं, पाय हलवून जागा घेतली आणि मारलं. आवाज झाला, टणक, कोरडा. चेंडू वाकडा निघाला. आणि मग साहेब ओरडले, "फोर!"

हे जाळीतून उभे राहिले. साहेबांकडे वळले. हात वर केला, तोंडावर ते नेहमीचं हसू, आणि मोठ्याने म्हणाले, "येस सर!"

डावा डोळा.

मी धावले. कशी धावले, वहाणा कुठे गेल्या, काही आठवत नाही. हे गुडघ्यांवर बसले होते, बोटांतून रक्त वाहत होतं. साहेब माझ्याआधी पोचले होते. आणि माझ्या कानांनी मी ऐकलं, माझा नवरा तोंड वर करून म्हणाला, "सॉरी, सर. मी मधे आलो."

साहेब म्हणाले, "असू दे, असू दे."

साहेबांची जीप लगेच मिळाली, ते खोटं का बोलू. बांद्यापलीकडे गोवा आम्हाला हाकेच्या अंतरावर, तिथे मोठं इस्पितळ आहे म्हणत, पण तिथे पोर्तुगीज बसलेले आणि नाका बंद. म्हणून आंबोलीचा घाट चढून बेळगाव. प्रत्येक वळणावर हे कण्हत आणि मधेच मला म्हणत, सीटला डाग लागू देऊ नको, गाडी साहेबांची आहे. मी माझा पदर खाली अंथरला. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दुसरा डोळा वाचवायचा असेल तर हा काढावाच लागेल म्हणाले. त्यांनी तो काढला.

घरी आलो तेव्हा सभ्यतेला पूर आला होता. फळांची करंडी आली. बिस्किटांचा डबा आला. साहेबांच्या बाई स्वतः येऊन ओटीवर बसल्या, आमच्या घरचा चहा प्यायल्या. डॉक्टर रोज पट्टी बदलायला येत आणि चपला अंगणात काढत. सगळे एकच शब्द बोलत, अपघात. बंदरावरचे अधिकारी म्हणाले, "साहेबांनी फोर दिला होता. खेळाच्या दृष्टीने त्यांच्याकडून काही राहिलं नाही." मी विचारलं, "आणि रुमाल?" त्यांनी माझ्या सासूबाईंच्या तुळशीचं कौतुक केलं.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या दिवशी आमच्याकडे नारळ पाडायचे होते. पाडेली माडावर चढला आणि वरून ओरडला, "सांबाळा हां!" आमच्याकडे ही रीतच आहे. वरचा हाक देतो, खालचं माणूस पोरंबाळं, कोंबड्या आत घेतं आणि उलट हाक घालतं, "पाड रे!" ती उलट हाक ऐकल्याशिवाय कुठलाही पाडेली, मग तो कितीही प्यायलेला असो, नारळांच्या पेंडीला कोयती लावत नाही. सासूबाईंनी खालून हाक घातली, पेंड धप्पकन पडली. मग त्या ओटीवर येऊन यांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचो पाडेली आधी हाक मारता, मगे कोयती चालयता. तुझे सायब आधी मारतत, मगे बोंब मारतत. आणि ह्येका तुमी रीत म्हणतत?"

हे पट्टीवर हात ठेवून भिंतीकडे वळले.

माझ्याच्याने राहवेना. मी एक दिवस साहेबांच्या बंगल्यावर गेले. मला पैसे नको होते, करंड्या नको होत्या. मला एक वाक्य हवं होतं: रुमाल हलला नव्हता, तरी मी मारलं. एवढंच. ते त्यांनी आमच्या ओटीवर येऊन यांच्यासमोर म्हणावं, म्हणजे यांच्या मनातलं ते 'सॉरी' पुसलं जाईल, असं मला वाटत होतं.

साहेब उठून उभे राहिले. मला खुर्ची दिली. मी विचारलं, "साहेब, तुम्ही त्या वेळी फोर म्हणालात, ती सूचना होती की यांना हाक होती?"

साहेबांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "वहिनी, तुमचं दुःख मी समजू शकतो."

"मी दुःखाचं विचारलं नाही. रुमाल हलला नव्हता. मी पाहिलं आहे."

"पण ते स्वतः तर म्हणतात, हलवला होता." आणि त्यांनी नोकराला माझ्यासाठी चहा आणायला सांगितलं.

तो चहा मी प्यायले नाही. तशीच घरी आले आणि यांना विचारलं. हे खरंच तसं म्हणाले होते. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा, बंदरावरच्यांनी विचारलं तेव्हा, सगळ्यांना यांनी सांगितलं होतं की मी रुमाल हलवला आणि मग माझंच लक्ष भलतीकडे गेलं. मी साहेबांकडे जाऊन आले हे कळल्यावर हे पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "तू कित्याक गेलीस थंय? तुका काय कळता? पक्क्या नेमणुकेचा बोलणा चालू आसा. सायब माजा कल्याण करतले."

म्हणजे डोळा देऊन नोकरी पक्की करायची होती. असा सौदा देवाशी करतात, ते मी एक वेळ समजू शकते. तो साहेबाशी केला याचा मला संताप आला, आणि तो संताप माझ्या उरात अजून आहे. मी यांच्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे आणि आत जायचे. दया येत होती आणि राग येत होता, आणि दोन्ही एकाच माणसाचे.

साहेबांनी शब्द पाळला. पक्क्या जागेसाठी यांचं नाव वर गेलं. मग तपासणी आली, ती आपल्या डॉक्टरांकडेच, जे त्या दिवशी सड्यावर होते आणि ज्यांचा चेंडू हे करवंदीत शोधत होते. डॉक्टरांनी फार हळुवारपणे सांगितलं की सुपरवायझरला खाणीच्या कड्यावर फिरावं लागतं, एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही, मी सही केली तर उद्या तुमच्या जिवाला धोका. "तुमच्या काळजीपोटीच सांगतोय," असं म्हणाले. सुरक्षिततेचा विचार त्यांना तेव्हा सुचला. हे त्यांनाही थँक यू म्हणून आले. नोकरी होती तशीच कच्ची राहिली, आणि रविवारचं बोलावणंही आपोआप बंद झालं. यांच्या जागी नवा चौथा आला होता. तो पुढे जाऊन रुमाल हलवायला तयार नव्हता म्हणे, आणि साहेबांनी ते ऐकून घेतलं. मुंबईहून बदलून आलेला अधिकारी होता ना.

गोवा मुक्त झाला, त्याच्या पुढच्या थंडीत मॅनेजर साहेबांची बदली झाली. निरोपाचा समारंभ सड्यावर होता, त्याच कापडी मांडवात. यांनाही बोलावणं आलं. हे पुन्हा तरंगायला लागले. पांढरी पँट पेटीतून निघाली. मी इस्त्री करणार नाही म्हटलं, तर यांनी स्वतःच निखारे भरले. मी गेले ते फक्त यांना डाव्या बाजूचं दिसत नाही, उतारावर ठेच लागेल म्हणून.

भाषणं झाली. साहेब सगळ्यांविषयी चांगलं बोलले. मग म्हणाले, या मैदानावर मी खूप खेळलो, पण खरा खेळाडू मला इथे एकच भेटला. ज्याने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. आणि त्यांनी टेबलावरचा रुमाल उचलला. खाली सागवानी लाकडाची छोटी बैठक होती, तिच्यावर एक गोल्फचा चेंडू बसवलेला. तोच की दुसरा, देव जाणे. मी विचारलं नाही. बैठकीवर पितळेची पट्टी होती आणि पट्टीवर कोरलं होतं, 'आमच्या फोरला, सप्रेम.'

टाळ्या वाजल्या. हे पुढे गेले. दोन्ही हातांनी ती वस्तू घेतली आणि वाकले.

मी उभी राहिले. पुस्तकी मराठी माझ्या तोंडातून कुठल्या कुठे गेली. "सायबानूं," मी म्हटलं, "ह्येंका नाव आसा."

साहेब जराही चिडले नाहीत. ते कधी चिडतच नसत. "हो, हो, अर्थात, वहिनी," ते म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याकडे बघत थांबले. ओठ हलले. मग त्यांनी हळूच डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. साहेबांनी यांच्या कागदांवर वर्षानुवर्षं सह्या केल्या असतील, पण त्या क्षणी त्यांना ते नाव आठवेना.

आणि माझा नवरा, साहेबांची पंचाईत होऊ नये म्हणून, घाईघाईने म्हणाला, "फोरच बरं आहे, सर."

सगळे हसले. सुटकेचं हसू. साहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला.

परत येताना मी यांच्या डाव्या बाजूने चालले, दगड दिसला की यांचा दंड धरत होते. घरी सासूबाई अंगणात सुंभ वळत बसल्या होत्या. यांनी चेंडू त्यांच्यासमोर धरला. "आये, बग, सायबांनी काय दिल्यांनी."

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं. "हेच्यार काय लिवला हा? तुझा नाव?"

यांनी चेंडू मागे घेतला. मग मीच सांगितलं काय लिहिलं आहे ते, आणि मांडवात यांनी काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

सासूबाईंनी सुंभ बाजूला ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही. "बारशाक तुझ्या आतयेन तुझ्या कानात कुर्र करून नाव सांगल्यान," त्या म्हणाल्या. "ता खंय टाकून इलस रे?"

आणि मग त्यांनी यांना नावाने हाक मारली. मोठ्याने, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी. हे समोरच उभे होते. पण हाक आपल्यालाच आहे, हे कळायला यांना जरा वेळ लागला.